वर्ताळा

एल आल्तोच्या चढावर, जिथं वारासुद्धा धापा टाकत येतो,
एउलोखिया कोंदोरीचं हॅटांचं दुकान होतं.
मी सतरा वर्षांची. हिशेब येतो म्हणून गेले.
तिनं वही दिली नाही, झाडू दिला.
संध्याकाळी केराची सुपली हलवून म्हणाली,
"आज दीड हॅट वाया गेली.
कुणाची कात्री बोथट आहे, ते शोध."

तिची शाळा एवढीच.
किटलीची वाफ, आणि वाफेवर
हळूहळू वळत जाणारा फेल्टचा काठ.

ज्या वर्षी पैसा सकाळी एक आणि दुपारी दुसराच असायचा,
लोक नोटा मोजत नसत, पोत्यात भरून तोलत,
त्या वर्षी तिनं भिंतीवर खडूनं लिहिलं:
एक हॅट म्हणजे वाळल्या बटाट्यांची चार पोती.
आणि आमचा पगार रोज, जेवणाआधी.
"संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहिला
तर तो तुमचा पगार उरणार नाही."

काउंटरवर एक तपकिरी हॅट टांगलेली. विकायची नाही.
तसल्या तीनशे केल्या होत्या तिनं एकदा,
सगळ्या मापाला लहान,
कारण लाकडी ठोकळा स्वस्तात मिळाला होता.
कुणी विचारलं तर सांगायची,
"हे माझं कर्ज. फिटलं कधीच, पण ओळख ठेवलीय."

खाणी बंद पडल्या तेव्हा एक बाई आली,
अर्धे पैसे दिलेली हॅट परत करायला.
हिनं ती वाफेवर धरली, ब्रश मारला,
बाईच्याच डोक्यावर ठेवली, डावीकडे किंचित कललेली,
आणि वहीतली ओळ मला खोडायला लावली.
ती बाई पुढे श्रीमंत होऊन परतली नाही.
परतलीच नाही.
मी वर्षभर त्या खोडलेल्या ओळीकडे बघत होते.
एउलोखियानं एकदाही बघितलं नाही.

संत वगैरे नव्हती.
सख्ख्या भाच्याला मापात मारताना पकडून
भर बाजारात हाकललं.
माझा एक महिन्याचा पगार बुडवला
हरवलेल्या एका गठ्ठ्यापायी,
जो नंतर तिच्याच पलंगाखाली सापडला.
माफी मागितली नाही. त्या आठवड्यात
माझ्या ताटात मांसाचे तुकडे तेवढे वाढले.
मी ते खाल्ले. आणि ठरवलं,
माझ्या दुकानात असं झालं तर तोंडानं सांगायचं.

मग खालच्या शहरातून सूटवाली पोरं आली.
"दोन्या, पुढच्या पाच वर्षांत काय दिसतं?"
ती हसली. आमच्या आयमारात
झालं-गेलं ते डोळ्यांसमोर असतं,
यायचं ते पाठीमागे.
"पाठीला डोळे नाहीत, पोरांनो.
म्हणून समोरचं नीट बघते:
कुणी उधारी बुडवली,
कुणी बर्फातून चालत येऊन फेडली.
आणि पाठीवरचं ओझं असं बांधते
की अचानक वळावं लागलं तर वळता यावं."
पोरांच्या वह्या कोऱ्या राहिल्या.
एकानं जाताना हॅट मात्र घेतली, आईसाठी.

डोकी ती दोरीनं मापायची.
दोरीला गाठ, गाठीत नावाची चिठ्ठी,
आणि सगळ्या दोऱ्या खिळ्यांवर लोंबत.
माणूस मेलं तरी त्याची दोरी काढायची नाही.

ती गेल्यावर मी त्या उतरवायला बसले.
एका चिठ्ठीवर माझं नाव.
मी तिच्याकडून कधी हॅट घेतली नव्हती,
माप दिलं नव्हतं.
डोक्याभोवती गुंडाळून बघितली.
दोन बोटं जास्त.

चुकलं असेल. तिचंही चुकायचं,
तपकिरी हॅट आता माझ्या काउंटरवर आहे, तिला विचारा.

पण रिबीन कापताना
वीतभर वर्ताळा सोडल्याशिवाय
तिची कात्री कधी मिटली नव्हती.